सात सुवर्णांचं बॅनर

भुसावळ,
७ जुलै २०२४

प्रिय सोनाली,

तुझ्याशी फोनवर बोलणं मी आजपासून बंद केलं आहे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी फोन करू नकोस. नोकरी कशी आहे विचारलं की तू "मस्त" म्हणतेस, कॉलेज कसं आहे विचारलं की "मस्त", मैदानाबद्दल विचारलं की "मस्त गं, मोठं आहे". सरावाच्या कॅम्पात आपण इतकी वर्षं एका खोलीत काढली. तुझा घोटा सुजून भोपळा झाला होता तेव्हाही तू सरांना "मस्त" असंच सांगितलं होतंस. तोंडाने तुला खोटं छान जमतं. कागदावर मात्र तुझं खोटं चार ओळींपुढे टिकत नाही. तू आईला लिहिलेली पत्रं पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी ती आधी वाचायचे, म्हणून मला माहीत आहे.

तेव्हा यापुढे पत्र. भारताची एकेकाळची कांस्यपदकविजेती हेप्टॅथलॉनपटू, सात खेळांची राणी, सुरतेच्या एका कॉमर्स कॉलेजात पोरींना काय शिकवते, हे मला सविस्तर कळलं पाहिजे. ते पदक तुला मिळावं म्हणून मी माझा गुडघा दिला आहे. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर मी आडवी झाले नसते तर तू चौथी आली असतीस आणि आज माझ्यासारखी गाडीत तिकिटं तपासत असतीस. एवढ्या गुंतवणुकीवर मला हिशेब नको, फक्त खरी बातमी हवी.

माझं विचारशील तर काळा कोट अंगावर आहे, लोक घाबरतात, बरं वाटतं. गुडघा मस्त.

तुझी,
अर्चना

•

गोडादरा, सुरत,
४ ऑगस्ट २०२४

तपासनीस बाईसाहेबांना साष्टांग,

हुकमाप्रमाणे कागद घेतला आहे. ऐक.

माझ्या हुद्द्याचं नाव 'क्रीडा संचालक' असं आहे. माझं ऑफिस म्हणजे झेरॉक्स मशीनच्या शेजारची खुर्ची. प्रवेशाच्या पुस्तिकेत माझा पदक घातलेला फोटो पहिल्या पानावर आहे आणि फोटोवाल्याने पदकाचा रंग बदलून सोन्याचा केला आहे. मी हरकत घेतली तर म्हणाला, "मॅडम, ब्राऊन कलर छापवामां सारो नथी आवतो." छपाईतल्या अडचणीमुळे मी सुवर्णपदकविजेती झाले. आपण दोघी उगाच पहाटे उठून घाम गाळत होतो.

मैदान मोठं आहे, हे मी खोटं नव्हते सांगत. लग्नसराईत ते भाड्याने जातं, नवरात्रात गरब्याला जातं, उरलेल्या दिवसांत तिथे प्राध्यापकांच्या गाड्या असतात. पोरींना धावायला मी जागा मागितली तेव्हा गाड्यांच्या मधून धावा, चपळाई वाढेल, असं उपप्राचार्यांनी सुचवलं. गोळाफेकीचा गोळा ऑफिसचं दार लागू नये म्हणून दाराशी ठेवला होता. मी तो उचलून नेला, तर दार आपटायला लागलं आणि माझ्याविरुद्ध तक्रार गेली. उंच उडीसाठी मंडपवाल्याच्या गाद्या मिळाल्या आहेत. त्यांवर अजून अत्तराचा वास येतो आणि मधूनच पाठीला टाचणी टोचते.

मालकांचं नाव जयसुखभाई. साड्यांचे मोठे व्यापारी, माणूस वाईट नाही. रविवारी सरावाला येतात तेव्हा सगळ्यांसाठी लोचो, म्हणजे इथला मोडका ढोकळा, घेऊन येतात, वर भरपूर शेव आणि लोणी, आणि "डाएट, डाएट" म्हणत स्वतः पहिली प्लेट घेतात.

आई अजून गोंधळलेली आहे. परवा मला म्हणाली, "पोरेसले पयाले शिकाडाना बी पगार भेटस का व? आमना गावले त्या फुकट पयतस." गावाकडे पोरी फुकट पळतात तर त्याचा पगार कसला, आणि बाबा लूमवर होते तेव्हा निदान कापड तरी दिसायचं, असं तिचं म्हणणं. तू काय तयार करतेस ते दाखव, म्हणते.

दाखवायला एक आहे. मयुरी नावाची मुलगी, आमच्याच गोडादऱ्यातली, हिलाल पाटलांची. घरी आईबरोबर साड्यांवर खडे चिकटवते. गेल्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा अडथळे दाखवले, तर ती न विचारता पार झाली आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, ये तो मजा का है." अर्चे, मी उभ्या उभ्या रडले असते, पण समोर उपप्राचार्य गाडी लावत होते.

सोनाली

•

भुसावळ,
१ सप्टेंबर २०२४

सुवर्णपदकविजेत्या बाईंस,

पत्र नंदुरबार ते अमळनेर एवढ्या टप्प्यात तीनदा वाचलं. विनातिकीट प्रवाशांची त्या दिवशी चंगळ झाली.

मयुरीबद्दल. अडथळे येतात म्हणून लगेच नाचू नकोस, अडथळे तुलाही यायचे. उंच उडीचं सांग. अत्तराच्या गादीवर पाठ टाकायला शिकली तर ती आयुष्यभर पाठ आखडून पडेल. खरी गादी आणल्याशिवाय तिला उलटी उडी शिकवू नकोस, मान मोडेल आणि मग तिच्या आईला तोंड दाखवायला तुला सुरतेत जागा उरणार नाही. आणि गोळ्याला तिचा हात लहान पडत असेल तर बोटांच्या मुळाशी धरायला सांग. हे सगळं मी का सांगते आहे कोण जाणे. मी मैदानाकडे पाठ करून रेल्वेत आले त्याला किती वर्षं झाली.

आता खरा प्रश्न. जो माणूस लग्नाच्या गाद्या देतो, तो खरी गादी का देईल? त्याच्याकडून ती कशी काढणार आहेस ते मला कळव. तुला मागता येत नाही. कॅम्पात तू जेवणात जास्तीचं अंडंसुद्धा माझ्याकडून मागवायचीस.

अर्चना

•

गोडादरा,
२० ऑक्टोबर २०२४

अर्चे,

गादी आली.

चांगली आली. फुगीर, निळी, दिल्लीहून. भाला आला, खऱ्या वजनाचे दोन गोळे आले, आणि माझ्या हाताखाली मोजमापाच्या दोरीसाठी एक माणूसही आला, तो नुसता दोरी धरून बसतो. नवरात्रात आमचे अडथळे गरब्याच्या रांगा लावायला नेले होते. ते परत आले ते झेंडूच्या माळा आणि 'जेन्ट्स एन्ट्री' अशा पाट्यांसकट. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू मंडपाचे खांब रोवायला गेली होती. जयसुखभाईंनी माफी मागून ताजी वाळू टाकून दिली. तू विचारलंस ना कशी काढलीस? वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच बोलू नकोस, आधी गाडीला एक फेरी मार.

मी त्यांच्या पेढीवर गेले होते. साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत. म्हटलं, माझ्याकडे एक मुलगी आहे, ती जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरेल, सात खेळ खेळेल. त्यांनी मान वर केली. म्हणाले, "एक छोकरी, सात मेडल?" मी तोंड उघडलं. ते म्हणाले, "वाह बेन, आ तो होलसेल थई गयुं." आणि गादीच्या कागदावर सही केली.

मी उघडलेलं तोंड मिटलं.

हेप्टॅथलॉन म्हणजे सात खेळ, त्यांच्या गुणांची एकच बेरीज आणि सगळ्यात शेवटी एकच पदक, हे सांगायला मला किती वेळ लागला असता? पण सही ओली होती. सही वाळेपर्यंत थांबू म्हटलं. सही वाळून आता महिना झाला.

मयुरी खऱ्या गादीवर पहिल्यांदा उलटी पडली तेव्हा बराच वेळ उठलीच नाही. मी धावत गेले. तर ती आभाळाकडे बघत पडून होती आणि म्हणाली, "मॅडम, घरमां आवी गादी नथी." मग उठली आणि पुन्हा रांगेत गेली. या मुलीसाठी मी आणखी एकदा तोंड मिटायला तयार आहे.

आईचं म्हणणं, हिलालभाऊंच्या घरी खड्यांचं काम आता एकट्या बाईवर पडतं आणि ती कुरकुर करत नाही, याचा अर्थ त्यांना काहीतरी होईल अशी आशा आहे.

सोनाली

•

भुसावळ,
१० नोव्हेंबर २०२४

सोने,

मी गाडीला फेरी मारली. दोन मारल्या. तरी राग गेला नाही.

तू जे केलंस त्याला रेल्वेत शब्द आहे, तो मी बायकांच्या पत्रात लिहीत नाही. मधल्या स्टेशनाचं तिकीट काढून शेवटच्या स्टेशनापर्यंत गुपचूप बसून राहणारी माणसं मी रोज बघते. त्यांचाही चेहरा असाच साधा असतो. त्यांना पकडलं की तेही म्हणतात, सांगणारच होतो.

स्पर्धेच्या आधी जयसुखभाईंना सांग. पहिला दिवस संपल्यावर त्यांना कळलं, की चार खेळ झाले आणि हातात एकही पदक नाही, तर ते काय करतील? व्यापारी आहेत. तोट्याचा माल अर्ध्यावर सोडतील. मुलीला बाहेर काढतील आणि दुसऱ्या कुठल्या तरी शर्यतीत ढकलतील, जिथे पदक लगेच दिसतं. आणि विद्यापीठाच्या संघात जायला तिला सातही खेळ पुरे करावे लागतात, हे तुला माहीत आहे.

अर्धवट सोडलेलं हेप्टॅथलॉन कसं असतं ते मला विचार. सहा खेळ झाले होते, सातवा अर्धा झाला होता. लोकांना वाटतं मला गुडघ्याचं वाईट वाटतं. गुडघ्याचं नाही वाटत. शेवटी सगळ्या मुली हात धरून मैदानाची फेरी मारतात ना, पहिली आलेली आणि शेवटची आलेली सगळ्या, ती आपली पद्धत, जी दुसऱ्या कुठल्याच खेळात नाही. मी ती दरवर्षी मारली. त्या वर्षी मी अँब्युलन्समध्ये होते आणि दाराच्या फटीतून तुम्ही दिसत होता. त्यानंतर मी मैदानावर पाय ठेवलेला नाही. तुला सारखं सांगत आले, ड्युटी असते म्हणून येत नाही. ड्युटी नसते, सोने. रजा शिल्लक पडल्या आहेत.

जा आणि सांग त्यांना. उद्याच.

अर्चना

•

गोडादरा,
२२ डिसेंबर २०२४

अर्चे,

गेले होते सांगायला. तुझं पत्र पर्समध्ये घालून गेले होते, हिंमत यावी म्हणून.

पेढीवर पोचले तर जयसुखभाई दोन्ही हातांनी एक बॅनर उलगडत होते. उभ्या माणसाएवढं रुंद, गुजरातीत, भडक पिवळ्यावर लाल अक्षरांत: 'एक दीकरी, सात सुवर्ण'. खाली त्यांचा स्वतःचा फोटो, त्याखाली मयुरीचा लहान फोटो, आणि कोपऱ्यात माझं ते छपाईतलं सुवर्णपदक. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे बॅनर घेऊन मिरवणूक काढायची, उधन्याच्या बँडवाल्याला सांगून ठेवलंय. मला म्हणाले, "बेन, केम बोलतां नथी? गम्युं नहीं?"

मी म्हटलं, छान आहे.

हे वाचून तू जे म्हणशील ते मी स्वतःला आधीच म्हटलं आहे, त्यामुळे शाई वाया घालवू नकोस. त्याऐवजी ये. स्पर्धा १० आणि ११ जानेवारीला सुरतेतच आहेत. त्यांनी मला चारशे मीटरच्या शर्यतीतही मयुरीचं नाव घालायला लावलं आहे, जादा माल म्हणून. तू लिहिलंस तसं ते तिला अर्ध्यातून काढून तिकडे पळवतील, तो दिवस मला आता डोळ्यांसमोर दिसतो.

आणि त्या फेरीचं. तू लिहिलंस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं. मी त्या वर्षी रांगेच्या टोकाला होते. माझा डावा हात एका आसामी मुलीने धरला होता. उजवा रिकामा होता. त्या बाजूला कोणी येऊ नये म्हणून मी मुद्दाम टोकाला गेले होते. पदकाच्या फोटोतही तो हात तसाच आहे, बोटं वळलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. लोकांना वाटतं मी हात हलवत होते.

आली नाहीस तरी रागावणार नाही. मस्त म्हणेन.

सोनाली

•

सुरत,
१० जानेवारी २०२५, संध्याकाळ

अर्चना,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही. तरी लिहिते, कारण तू म्हणाली होतीस की कागदावर मला खोटं बोलता येत नाही आणि आज मला खरं बोलण्याची सवय करायची आहे.

अडथळ्यांत मयुरी पहिली आली. उंच उडीत तिसरी, तरी तिने याआधी कधीच एवढी मारली नव्हती. गोळ्यात मार खाल्ला. दोनशे मीटर अशी पळाली की माझ्या शेजारी बसलेल्या परक्या कॉलेजच्या शिक्षकाने माझा हात दाबला आणि मग लाजून सोडला. एकूण गुणांत ती दुसरी आहे. तिच्या आईबाबांनी डबा आणला होता, कळण्याची भाकरी आणि ठेचा. जयसुखभाईंनी आणलेल्या लोच्यापेक्षा ती जास्त संपली, हे त्यांनी पाहिलं.

चार खेळ झाले तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चार मेडल क्यां छे?" मी सांगितलं. अगदी पहिल्यापासून सांगितलं, ओल्या सहीपासून. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बॅनरची गुंडाळी बगलेत मारली. मग म्हणाले, उद्या सकाळी चारशे मीटर आहे, तिथे सोनं नक्की आहे, मुलीला यातून काढा. मी म्हटलं, नाही. मयुरी सातही खेळ खेळेल. काढलं तर ती विद्यापीठाच्या संघात जाणार नाही, आणि तुम्हाला राग आहे तो माझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

ते म्हणाले, "तो पछी पहेली तारीखथी आववानी तकलीफ ना लेता." आणि तिचं नाव उद्या सकाळी ते स्वतः जाऊन काढून आणणार आहेत. कॉलेजची मुलगी आहे, कॉलेजला अधिकार आहे.

नोकरीचं मला फारसं वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. खूप वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीत दुसऱ्याला पुढे जाताना बघून बरं वाटलं होतं. पण त्याहून जास्त मयुरीचं वाटतं. तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती उद्याच्या लांब उडीची पावलं अंगणात मोजते आहे, तिच्या आईने खड्यांची साडी बाजूला सारून तिला जागा करून दिली आहे.

सोनाली

•

भुसावळ,
१६ जानेवारी २०२५

सोने,

तुझं दहा तारखेचं पत्र पोस्टाने आलं नाही. तू ते फेरीच्या आधी माझ्या कोटाच्या खिशात कोंबलंस, आणि मी ते परतीच्या गाडीत वाचलं. तेव्हा आता माझी पाळी. तुला जे दिसलं नाही ते सांगते.

शुक्रवारी ड्युटी संपली आणि मी घरी जाण्याऐवजी सुरतेच्या गाडीत बसले. का, ते विचारू नकोस. सकाळी मैदानाच्या दारापर्यंत आले आणि आत जाईना. बाहेर चहा घेतला. आणखी एक घेतला. चहावाल्याने विचारलं, "मॅडम, चेकिंग छे?" मी म्हटलं हो. मग आत जावंच लागलं.

आत शिरले तर जाळीपाशी रेशमी कुर्ता घातलेले एक गृहस्थ इकडे तिकडे बघत होते. ओळखायला वेळ लागला नाही, बगलेत बॅनर होतं. त्यांनी काळा कोट बघितला, पितळी बिल्ला बघितला आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, एक नाम कॅन्सल करवानुं छे."

आता मला सांग, मी काय करणार? हे वाक्य मी दिवसातून शंभर वेळा ऐकते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चार्ट लागला. आता कॅन्सल होत नाही."

ते चपापले. म्हणाले, मुलगी आमची आहे. मी म्हटलं, असेल, पण गाडी सुटलेली आहे. आणि मग नियम सांगितला, आणि तो खरा आहे: दुखापतीचं कारण नसताना मुलीला अर्ध्यातून काढलं तर तिला या स्पर्धेतल्या पुढच्या कुठल्याच शर्यतीत उतरता येत नाही. चारशे मीटरही गेलं. हेही गेलं. दोन्ही घालवायचं की एक धरून बसायचं, तुम्ही ठरवा. मी कोण हे त्यांनी विचारलं नाही. या देशात काळ्या कोटातल्या बाईला कोणी काही विचारत नाही. त्यांनी रुमालाने घाम पुसला आणि जाऊन पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले. तू त्या वेळी लांब उडीच्या खड्ड्यापाशी वाळू सारखी करत होतीस आणि पुनःपुन्हा त्यांच्याकडे बघत होतीस, एखाद्या चोरासारखी. मी वर पायऱ्यांवर जाऊन बसले.

मला वाटलं होतं मला बघवणार नाही. बघवलं. आठशे मीटरला शेवटच्या वळणावर माझा पाय आपोआप आखडला, शेजारची बाई म्हणाली काय झालं. काही नाही म्हटलं. मयुरी ते वळण पार करून आली. तिची धाव फार काही सुंदर नव्हती, खांदे वर गेले होते, तू ते बघ. पण ती आली.

मग मी निघत होते. खरंच निघत होते. जाळीपर्यंत आले तर तू मला बघितलंस, आणि तू काही बोलायच्या आधी ती पोरगी, धाप लागलेली, म्हणाली, "तमे मॅडमनां फ्रेन्ड छो ने? चालो." तिला कोणी सांगितलं होतं? तू सांगितलं असणार. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, आम्ही चालतोच आहोत, पळायला आता कोणाच्या अंगात आहे.

पाच मुली, तू आणि मी. त्या बॅनरचं काय करायचं ते जयसुखभाईंच्या माणसाला कळेना, म्हणून मधल्या मुलींनीच ते धरलेल्या हातांत पकडून पुढे घेतलं. मला तेव्हा ते दिसलंही नाही. माझा डावा हात तुझ्या हातात होता. तू इतका घट्ट धरलास की बोटं दुखली, आणि तू एकदाही मस्त म्हणाली नाहीस.

तुझ्या नोकरीचं काय झालं?

अर्चना

•

गोडादरा,
२ फेब्रुवारी २०२५

अर्चे,

नोकरीचं ऐक.

सोमवारी एका गुजराती पेपरात आतल्या पानावर फोटो आला. पुढे पिवळं बॅनर, अक्षरं स्पष्ट, 'एक दीकरी, सात सुवर्ण', आणि बॅनरमागे हात धरून चालणाऱ्या सात बायका. खाली फक्त कॉलेजचं नाव. पेपरवाल्याने कोणाला काही विचारलं नाही आणि कोणी काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत अर्ध्या कापड बाजाराने जयसुखभाईंचं अभिनंदन केलं. एका व्यापाऱ्याने पेढे पाठवले. त्यांच्या व्याह्यांनी फोन करून विचारलं, सातही मुली आपल्याच कॉलेजच्या का, आणि ते "हाजी, हाजी" म्हणाले, असं त्यांच्या मुनीमाने मला सांगितलं.

आता मला काढायचं तर का काढलं ते लोकांना सांगावं लागेल. पहिल्या तारखेला मी मुद्दाम गेले. माझी खुर्ची जागेवर होती, झेरॉक्स मशीन हलवलं होतं. जयसुखभाईंनी मला बोलावून बसवलं आणि पुढच्या वर्षाच्या कराराचा कागद सरकवला. मग जरा आवाज खाली करून विचारलं, "बेन, छोकराओमां दस होय छे ने?" मी म्हटलं, हो, मुलांचं दहा खेळांचं असतं. पण पदक एकच. ते म्हणाले, "खबर छे, खबर छे," आणि कागदावर सही केली. या वेळी सही वाळायची मी वाट बघितली नाही, आधी सगळं सांगितलं होतं.

मयुरी एकूण दुसरी आली, हे तू बघून गेलीस. विद्यापीठाच्या संघाच्या यादीत तिचं नाव आलं. खांद्यांचं मी तिला सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. ती म्हणते, त्या मॅडम उन्हाळ्यात येतील का, रेल्वेत रजा मिळत नाही का. मी सांगितलं, रजा शिल्लक पडल्या आहेत. आता तू बघ.

आईने तो फोटो पेपरातून कापून देवाजवळ लावला आहे. तिला विचारलं, कळलं का आता मी काय तयार करते? म्हणाली, "हाऊ, आते दिसनं."

जयसुखभाईंनीही तो मोठा करून, चौकट घालून ऑफिसात लावला आहे, आपल्या डोक्याच्या बरोबर वर. काल मी समोर बसले होते तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग टोकाच्या काळ्या कोटातल्या बाईवर बोट ठेवून म्हणाले, "आ तो पेलां ऑफिसर बेन छे ने? एमणे मने केटलो धमकाव्यो हतो. ए केम चाल्यां आ बधां साथे?"

मी म्हटलं, त्यांची एक फेरी राहिली होती.

जयसुखभाईंनी मान हलवली. बाकी राहिलेलं त्यांनाही आवडत नाही.

तुझी,
सोनाली